कागदावर नसलेलं केळं

“मॅडम, सात पॉइंट नऊ आलंय,” मंजुळा सिस्टर फोनवर म्हणाल्या. “जाधव अण्णा. इमर्जन्सीत नेलंय. काय खाल्लं ते शोधा म्हणतायत डॉक्टर.”

सोमवार, सकाळचे पावणेआठ. मी बेंगळुरातल्या आमच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होते. जेवणाचा डबा गाडीतच विसरून वर गेले.

आकडा कशाचा ते आधी सांगते. पोटॅशियम हा क्षार फळं, भाज्या, डाळी, सगळ्यांतच असतो. धडधाकट माणसाची किडनी तो लघवीतून बाहेर टाकते आणि रक्तात तो साडेतीन ते पाचच्या दरम्यान राहतो. किडनी बंद पडली की तो साठत जातो आणि डायलिसिसच्या मशीनने काढावा लागतो. सहाच्या वर गेला की आम्ही धावपळ सुरू करतो. सातच्या वर हृदयाचा ठोका कधीही चुकू शकतो. त्याआधी काही दुखत नाही, ताप येत नाही. पाय जड होतात, एवढंच.

अण्णांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यात मोठं. असे पेशंट बहुतेक सोमवारीच येतात.

मी डाएटिशियन आहे. बावीस वर्षं झाली, त्यातली नऊ किडनी विभागात. पेशंटने काय खायचं, किती खायचं, हे ठरवून देणं माझं काम. आणि काही बिघडलं की ते कशातून आलं हे शोधणंही माझंच काम. त्याला आम्ही रिकॉल म्हणतो. शेवटच्या घासापासून उलटं विचारत जायचं.

अण्णा शुद्धीवर होते. रिक्षातून उतरताना पाय दुमडले होते. बायकोने आणि रिक्षावाल्याने धरून आत आणलं. हाताला सलाइन, त्यातून कॅल्शियमचं इंजेक्शन चाललेलं. पोटॅशियम त्याने कमी होत नाही, पण हृदयाला थोडा वेळ आधार मिळतो.

“ताई, बेअरिंग गेलं बघा,” ते पायांकडे बघून म्हणाले. राजाजीनगरमध्ये त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. सगळ्या जगाचं वर्णन ते मोटरीच्या भाषेत करत.

“बोलू नका, पडून राहा,” मी म्हटलं.

डॉ. किरण ईसीजीची पट्टी हातात धरून उभे होते. “मशीन लावतोय. सोर्स सांगा मला. पोटात अजून असेल तर ते रक्तात येतच राहणार.”

बाहेर बाकावर जाधव वहिनी बसल्या होत्या. निपाणीकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. पस्तीस वर्षं बेंगळुरात राहून कानडी फाडफाड बोलत, पण वाचता येत नसे. मी डायरी उघडली.

“आज सकाळी काय दिलंत?”

“अर्धा कप चहा. दोन इडल्या. चटणी नाही.”

“काल रात्री?”

“भात, वाटीभर दुधीची भाजी. भाजी उकळून पाणी टाकून दिलं, तुम्ही सांगितल्यासारखं.”

“डाळ?”

“पातळ. दोन चमचे.”

“शहाळं?”

“अगं बाई, नाही हो. कागदावर बंद आहे की.”

“मीठ कसलं वापरता? कमी सोडियमचं नाही ना?” त्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो.

“साधंच आहे. ताई, तुम्ही लिहून दिलंय त्याच्या बाहेर आम्ही पाऊल टाकलं नाही बघा.”

रविवार झाला, शनिवार झाला. सगळं बरोबर. मी डायरीत खुणा करत गेले आणि माझी काळजी वाढत गेली. बरोबर जेवणाऱ्या माणसाचं पोटॅशियम सात पॉइंट नऊ होत नाही.

“जेवणाव्यतिरिक्त? तहान लागली की?”

“तहानेचं आता बरं आहे. अर्चनानं ते थंड केलंय ना. एक तोंडात धरलं की तास-दीड तास पाणी मागत नाहीत. किती दिवसांनी काही आवडीनं खाल्लं त्यांनी.”

अर्चना त्यांची मुलगी. के. आर. पुरमला राहते, दर शनिवारी येते. ती तेवढ्यात मेट्रोने पोहोचली होती, कॉरिडॉरमधून जवळजवळ पळतच आली.

“थंड म्हणजे काय केलं होतं?” मी तिला विचारलं.

“चॉकलेटमध्ये बुडवलेली फळं. फ्रोजन. घरीच केली, साखर नको म्हणून डार्क चॉकलेट घेतलं.” ती घाईघाईने, पण नीट क्रमाने सांगत होती. “येलक्की, म्हणजे ती छोटी वेलची केळी सोलली, एकेकाचे दोन तुकडे केले, प्रत्येकाला टूथपिक. बटर पेपरवर मांडून चार तास फ्रीजरला. मग चॉकलेट गरम पाण्यावर वितळवलं, चमचाभर खोबरेल घातलं, म्हणजे पातळ आवरण बसतं. तुकडा बुडवला की लगेच कडक होतं. वरून पिस्त्याचा चुरा.”

मी लिहायचं थांबले होते.

“किती तुकडे?”

“तीस केले. आई निघाली तेव्हा डब्यात सहा उरले होते.”

“तुम्ही दोघींनी खाल्ले?”

“एकेक. चवीपुरता.”

म्हणजे बावीस तुकडे. दोन दिवसांत अकरा केळी, त्यावर डार्क चॉकलेट, त्यावर पिस्ता. तिन्हींत पोटॅशियम भरपूर. लघवी जवळजवळ बंद असलेल्या माणसाच्या अंगात ते जाऊन बसलं होतं, आणि काढायला शुक्रवारपासून मशीन नव्हतं.

“शेवटचा कधी खाल्ला?”

“निघताना,” वहिनी म्हणाल्या. “दोन. रिक्षात तहान लागेल म्हणून.”

मी आत गेले, डॉक्टरांना सांगितलं. केळी, अकरा, शेवटचं तासाभरापूर्वी. त्यांनी मान हलवली. मशीन जोडायला टेक्निशियन नळ्या भरत होता. त्याच वेळी मॉनिटरवरची रेघ रुंद झाली, मग वेडीवाकडी, मग सपाट. मला कोणीतरी खांद्याला धरून बाजूला केलं. छाती दाबायला दोघं आळीपाळीने लागले. अकरा मिनिटांनी ठोका परत आला. अण्णा आले नाहीत. त्यांना व्हेंटिलेटरवर आयसीयूत हलवलं.

दुपारी अर्चना माझ्या केबिनमध्ये आली. “मॅडम, केळं चालत नव्हतं का?”

“नव्हतं.”

“आईनं कागद बघितला होता हो. मी पण बघितला.” तिने फोन पुढे केला. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेल्या कागदाचा फोटो. माझं अक्षर.

तो कागद कसा झाला तेही लिहायला हवं. आमच्याकडे किडनीच्या पेशंटसाठी छापील पत्रक आहे, कानडी आणि इंग्रजीत. दोन डॉक्टरांनी तपासलेलं. त्यात चालणारी फळं एका बाजूला, बंद फळं दुसऱ्या बाजूला. केळं बंद फळांत पहिलं आहे. तीन महिन्यांपूर्वी अण्णांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा ते पत्रक मी वहिनींना दिलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, “ताई, मराठीत नाही का हो?”

दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं सहसा कोणी येत नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, थांबा, मीच लिहून देते. पॅडचा कागद घेतला आणि यादी केली. याद्या करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, निदान तेव्हा माझी तशी समजूत होती. पाणी, मीठ, भाजी उकळण्याची पद्धत, डाळ. मग बंद फळं: शहाळं, संत्रं, मोसंबी, आंबा, चिकू, खजूर. पुढे केळं लिहिणार, तर वहिनी म्हणाल्या, “केळं तर ते तोंडात घेत नाहीत. लहानपणापासून. वासच सहन होत नाही.”

खात नाहीत तर कशाला लिहायचं, म्हणून नाही लिहिलं.

नंतरच्या भेटीत अण्णांनी तहानेची तक्रार केली. दिवसाला एक लिटरमध्ये चहा, आमटी, पाणी सगळं बसवायचं. “लिटरभरात माझी जीभसुद्धा भिजत नाही,” ते म्हणाले. छापील पत्रकात यावर उपाय आहे: द्राक्षं किंवा सफरचंदाच्या फोडी गोठवून, मोजून चोखाव्यात. मी त्याच मराठी कागदाच्या तळाशी उरलेल्या जागेत एक ओळ लिहिली. ‘तहान लागल्यास गोठवलेल्या फळांचे तुकडे चोखावेत.’ कोणती, किती, काहीच नाही. जागा संपली होती.

छापील पत्रक फाइलमध्ये गेलं. माझा कागद फ्रिजवर गेला.

संध्याकाळी मी फाइल उघडली. डॉक्टरांनी लिहिलं होतं: डाएटरी नॉन-कम्प्लायन्स. म्हणजे, पेशंटने पथ्य पाळलं नाही. मी ते वाचलं, फाइल बंद केली आणि घरी गेले.

मंगळवारी संध्याकाळी ते तुकडे मी स्वतः करून पाहिले. येलक्की केळी, डार्क चॉकलेट, चमचाभर खोबरेल. केळं न आवडणाऱ्या माणसाने बावीस तुकडे खाल्ले कसे, हे मला समजत नव्हतं. खाल्ल्यावर समजलं. गोठलेल्या केळ्याला केळ्याचा वास राहत नाही. ते आइस्क्रीमसारखं लागतं. टीव्हीच्या बातम्या संपेपर्यंत माझे नऊ खाऊन झाले होते, आणि मला तहानही लागली नव्हती.

बुधवारी सकाळी डॉ. किरण यांना गाठलं.

“सर, फाइलमध्ये नॉन-कम्प्लायन्स आहे. ते चूक आहे. मी वेगळी नोंद करतेय.”

“अकरा केळी खाल्ली मॅडम त्यांनी.”

“माझ्या कागदावर केळं बंद नव्हतं. फळ गोठवून चोखा असं मात्र होतं.” सोमवारी अर्चनाकडून घेतलेला फोटो मी दाखवला आणि वाचून त्याचा अर्थ सांगितला.

त्यांनी फोन परत दिला. “हे लिहून पेशंटला काय फायदा?”

“पेशंटला नाही. त्यांच्या मुलीला वाटतंय, तिनं केलं.”

“मॅनेजमेंट तुम्हाला बोलावेल. थोडा विचार करा.”

“दोन दिवस तेच केलं,” मी म्हटलं. तारीख-वेळ घालून पाच ओळी लिहिल्या, खाली सही केली. मग आयसीयूकडे गेले.

अर्चना दाराबाहेरच्या खुर्चीवर एकटीच होती. वहिनी आत होत्या. मी शेजारी बसले. ही वाक्यं मी जिन्यात जुळवली होती.

“अर्चना, तुम्ही कागदात होतं तसंच केलंत. कागद चुकला होता. केळं मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. कोणतं फळ गोठवायचं हेही लिहिलं नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “हे तुम्हाला सोमवारीच माहीत होतं?”

“हो.”

“मी फोटो दाखवला तेव्हा?”

“हो.”

“आणि मला दोन रात्री काढू दिल्यात.” आवाज चढला नव्हता. “आई त्या कागदाला हळदकुंकू लावायची तेवढी बाकी होती, मॅडम. कोणी घरी आलं की दाखवायची. आमच्या मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय म्हणून.”

 

मग तिने विचारलं, “कुठलं चाललं असतं?”

“सफरचंद. द्राक्षं. दिवसाला आठ-दहा फोडी. चॉकलेट अगदी थोडं.”

“सफरचंदाचंच करणार होते मी,” ती म्हणाली. “चिरून पण झालं होतं. काळं पडतं म्हणून बाजूला ठेवलं. चॉकलेटमध्ये वास कळणार नाही म्हणून केळी आणली.”

अण्णा गुरुवारी दुपारी गेले. कागद चुकल्याचं वहिनींना मी नंतर घरी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा टाकला, आणि मी निघाल्यावर दार लगेच लावून घेतलं. फ्रिजवर कागद नव्हता.

मॅनेजमेंटने बोलावलं. चौकशी झाली, मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. फाइलमधली डॉक्टरांची ओळ तशीच आहे, कारण केलेली नोंद खोडता येत नाही. तिच्या खाली माझ्या पाच ओळी आहेत. आता विभागातून हाताने लिहिलेला कागद बाहेर जात नाही. पत्रक मराठी, तमिळ, उर्दूतही छापून घेतलं, प्रत्येक भाषा त्या भाषेच्या दोन माणसांनी तपासली. पेशंट एखादी गोष्ट खातो की नाही, हे न विचारता बंद वस्तूंची पूर्ण यादी त्यात असते. चॉकलेटही त्या यादीत आहे. गोठवण्याची फळं नावानिशी आणि मोजून आहेत. सफरचंदाच्या फोडींना लिंबाचे चार थेंब लावले की त्या काळ्या पडत नाहीत, हेही आहे. पत्रक दिल्यावर घरच्यांनी ते आम्हाला आपल्या शब्दांत परत सांगायचं, मगच त्यांनी उठायचं.

आणि एक सवय मी नवीन मुलींना लावते. ‘पथ्य पाळलं नाही’ असं फाइलमध्ये लिहायच्या आधी घरच्यांकडून त्यांच्याजवळचा कागद मागवायचा आणि बसून वाचायचा. मी तेव्हापासून बरेच कागद वाचले. बहुतेकांनी पाळलेलं असतं.