ताईबरोबर कुणी जायचं

धाकटी परदेशातून शिकून आली तेव्हा तिच्या बॅगेत दोनशे पानांचा प्रबंध होता, आणि त्याचा विषय होता एकटेपणा. शहरात एकट्या राहणाऱ्या माणसांना आजारपणात काय लागतं, यावर तिनं दोन वर्षं डोकं घातलं होतं. ती दोन्ही वर्षं तिची ताई इकडे घरात एकटी होती. प्रबंधात त्याचा उल्लेख नव्हता, आणि असायला हवा होता असं ताईच्याही कधी मनात आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते काही उगाच नाही.

ताई तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी. वडील आधीच गेलेले, आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची. ताई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायच्या मशीनवर बसली ती बावीस वर्षं तिथून उठली नाही. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, आधी हिचं मार्गी लागू दे. हिचं मार्गी लागेपर्यंत विचारणारेच थकले.

परत आल्यावर धाकटीनं झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली घेतली, दोन टेबलं टाकली, एक फोन घेतला आणि स्वयंसेवकांची संस्था काढली. काम समजायला सोपं होतं. ज्याच्याबरोबर दवाखान्यात यायला कुणी नाही, त्यानं फोन करायचा. स्वयंसेवक जाणार, फाईल धरणार, रांगेत उभा राहणार, डॉक्टर सांगतील ते कागदावर लिहून घेणार आणि माणसाला घराच्या दारापर्यंत पोचवणार. पेशंटनं काही द्यायचं नाही. खोलीचा खर्च काही कंपन्या उचलायच्या आणि महिन्यातून एक दिवस आपली माणसंही पाठवायच्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाकं मुरडली. एवढं शिकून ही हमालीच करायची होती तर विमानात कशाला बसली, असंही एकानं विचारलं. ताईनं मात्र कारखाना सोडला आणि फोनशी येऊन बसली.

कुणाबरोबर कुणाला पाठवायचं हे ताई ठरवायची. धाकटीनं त्यासाठी कॉम्प्युटरवर सगळं बसवून दिलं होतं, पण ताईचा भरवसा स्वतःच्या डायरीवर. स्वयंसेवकांत एक निवृत्त बस कंडक्टर होते. ऐकून कसं घ्यावं याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण धाकटी देत असताना ते दुसऱ्या दिवशी खुर्चीत चक्क घोरले. त्यांचं नाव काढून टाकायला ती निघाली, तर ताई म्हणाली, पेशंट फिरून त्यांनाच मागतात, आपण कशाला मध्ये पडा.

तिसऱ्या वर्षी एक मोठी कंपनी एकदम पन्नास माणसं द्यायला तयार झाली. मंगळवारी त्यांचे साहेब येणार होते. आधीच्या शुक्रवारी ताईनं डायरीतून मान वर न काढताच विचारलं, "मंगळवारी सकाळी एकीबरोबर तू जाशील का? रिपोर्ट घ्यायचाय."

"कोण आहे?"

"पंचेचाळिशीची बाई आहे. जरा घाबरलीय."

"अगं, मंगळवारी कंपनीवाले नाहीत का? दुसऱ्या कुणाला तरी पाठव ना."

ताई बरं म्हणाली. मंगळवारी तिनं चष्म्याचं निमित्त सांगून रजा घेतली. कंपनीचे साहेब खूश झाले, पन्नास माणसं मिळाली, आणि धाकटी उड्या मारत घरी आली. ताईनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, चहा केला, आणि आता डायरी मोठी घ्यावी लागेल एवढंच म्हणाली.

आठवड्यानं कुणाचा तरी नंबर शोधताना धाकटीच्या हाताला ते पान लागलं. मंगळवार, साडेनऊ, कॅन्सरचं हॉस्पिटल. पेशंटच्या रकान्यात ताईचं स्वतःचं नाव. सोबत कोण, या रकान्यात धाकटीचं नाव लिहून खोडलेलं, आणि पुढं काहीच नाही. शुक्रवारी आपण त्या बाईकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं, हे तिला तिथंच, उभ्या उभ्या कळलं.

तिनं विचारलं तेव्हा ताई आधी उगाच हसली. मग म्हणाली, "त्या दिवशी सगळी माणसं दिलेली होती गं. स्वतःसाठी कुणाला काढून घेऊ?"

डॉक्टर काय म्हणाले, तेही ताईला धड आठवत नव्हतं. लिहून घ्यायला बरोबर कुणी नव्हतं. दोघी परत गेल्या तेव्हा धाकटीनं ते पूर्ण ऐकलं. आजार यकृतात पसरला होता, आणि हातात थोडेच महिने होते.

मग धाकटीनं सगळं सोडलं. रोज ताईबरोबर जायची. परदेशातल्या प्राध्यापकांना पत्रं पाठवायची, आलेली उत्तरं ताईला वाचून दाखवायची, सिस्टरशी भांडायची, पुन्हा पुन्हा माफी मागायची. बोलता बोलता रडू फुटलं की ताई उशीवरून उठून तिचे डोळे पुसायची, सकाळपासून काही खाल्लंस का म्हणून विचारायची, मागं टेकायची आणि धापा टाकायची. हे सगळं प्रेमापोटीच चाललं होतं, यात शंकाच नाही. पण प्रेमानं धाप थांबत नाही.

तिसऱ्या महिन्यात ताईला वॉर्डात ठेवलं. तिथं एके दुपारी ती म्हणाली, "उद्यापासून कंडक्टर काकांना पाठवशील?"

"मी आहे ना."

"आहेस गं. पण तू आलीस की मला तुला सांभाळावं लागतं. आता नाही होत माझ्यानं."

धाकटीला राग आला, मग लाज वाटली, आणि मग नुसतं दुखत राहिलं. तिनं बाहेर जाऊन फोन लावला. काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, वेळ कुठली, पेशंट कोण. तिनं सांगितलं. त्यांनी वॉर्डाचा नंबर लिहून घेतला. मग ते म्हणाले, येतो.

सकाळी नऊला ते आले. स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि बसले. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. दारातून धाकटी पाहत होती. थोड्या वेळानं ताईनं अंग सैल सोडलं, डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

वॉर्डाच्या दारावरच्या बाईनं धाकटीला हटकलं. पेशंटजवळ एकच माणूस थांबू शकतं, ते आत बसलंय, बाकीच्यांनी खाली थांबायचं. धाकटी बरं म्हणाली आणि जिना उतरून खाली जाऊन बसली.