लेबल गेलेली बाटली

दारूच्या दुकानात मी पहिल्यांदा पाय ठेवला तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, जर्मनीत झिंडेलफिंगेनला आल्यावर. पिंपरीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं, लोखंडी जाळीचं. जाळीतून हात आत जायचा आणि कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन बाहेर यायचा. आम्ही बायका तिथं पोचायच्या आधीच रस्ता ओलांडायचो. ह्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाला ह्यांचा आवाज मुद्दाम चढायचा. शेजारी बसलेल्या दोघाचौघांना तो लागायचाही.

हे गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. तो इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून रसायनशास्त्र शिकलेली, तिची नोकरी लुडविग्सहाफेनला. ती सोमवारी पहाटे जाते आणि शुक्रवारी संध्याकाळी येते. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक सकाळी सातला जाऊन संध्याकाळी सहाला येणारा. आला की हातपाय धुतो, जेवतो, "छान झालंय" म्हणतो आणि लॅपटॉप उघडतो. चिडत नाही, बोलतही नाही. लहानपणी शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी त्याची बडबड सुरू व्हायची. ती कुठं गेली असेल, असं मी भांडी घासताना मनात म्हणायची.

दिवाणखान्यात त्याचं काचेचं कपाट आहे. त्यात बाटल्या. बर्बन म्हणतात, मक्याची अमेरिकन व्हिस्की. आल्या आल्या मी ते कपाट पाहिलं आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसले. पण माझ्या लवकरच लक्षात आलं की त्यातली एकही बाटली तो उघडत नाही. नुसत्या लावून ठेवतो. लहानपणी काडेपेट्यांचे छाप असेच जमवायचा.

एका शनिवारी सामान आणायला जाताना तो मलाही घेऊन गेला. परतताना बसथांब्यामागच्या पेयांच्या दुकानात शिरला. मी दारातच थांबले तर म्हणाला, "ये गं आत, इथं कोणी बघत नाही." दाराशी एका लाकडी खोक्यात लाल चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या होत्या. त्यातली एक त्याने उचलली आणि त्याचा चेहराच बदलला.

"आई, ही बघ! हा रेस्टपोस्टन आहे."

"म्हणजे?"

"उरलेला माल. कंपनीने लेबल बदललं, किंवा दुकानदाराला तो माल पुढे ठेवायचा नसला, की स्वस्तात काढून टाकतात. लोकांना कळत नाही काय चाललंय ते. ही आता कुठंच मिळत नाही."

घरी येईपर्यंत तो बोलत होता. मक्याचं काय करतात, पिंपं आतून कशी जाळतात, जुनं लेबल कसं ओळखायचं. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. मी फक्त त्याचा आवाज ऐकत चालले. महिन्याभरात त्याने एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

सोमवारी दुपारी बारा वाजता मी एकटीच त्या दुकानात गेले.

माझी शाळा चौथीपर्यंत. जर्मन तर सोडाच, इंग्रजी अक्षरंही मी चित्रासारखी ओळखते. पण भाजी निवडून निवडून माझी नजर तयार झालेली आहे. पुढचा माल दुकानदाराला विकायचा असतो, मागचा तो विसरलेला असतो. म्हणून मी खालच्या फळीवर, अगदी मागे बघायची. जिथं धूळ, तिथं जुनं लेबल. चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवली असेल तर भाव दोनदा उतरलाय. असं काही दिसलं की फोटो काढून मुलाला पाठवायची. पाचेक मिनिटांत त्याचा फोन यायचा.

"कुठं आहेस? बसथांब्यामागे? जरा बाजू फिरवून दाखव. खाली टक्क्याचा आकडा काय आहे?"

"पन्नास."

"पन्नास? घे! नाही, थांब, झाकण नीट आहे ना? मग घे."

दुकानात फोनवर बोलायची मला लाज वाटायची. पदर तोंडाशी धरून, खाली बसून बोलायची. दुकानदार सत्तरीच्या पुढचा होता, लोकरी बनियन घालून गल्ल्यावर बसलेला. पहिल्या काही दिवसांत त्याने मला पाहून अंगठा तोंडाला लावला आणि मिशीत हसला. मी घाबरून मान हलवली आणि शिकून ठेवलेले दोन शब्द बोलले, "माइन झोन." माझा मुलगा. तो म्हणाला, "आ, गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

सुनेला कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "आई, तुम्ही रोज दारूच्या दुकानात जाता? माझ्या आईला सांगू नका हं, ती पुढच्या विमानाने येईल तुम्हाला सोडवायला!"

मी हसले. पण सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून शील म्हणताना पाचव्याला माझा आवाज आपोआप खाली येऊ लागला. ह्यांचा चढायचा, माझा उतरायचा. पिणारी मी नाही, पिणारा तोही नाही, असं मी मनाला सांगायची. आणि दुपार झाली की चपला घालायची. दिवसभरात माझ्याशी मराठीत कोणी बोलत असेल तर त्या पाच मिनिटांत.

वसंत लागला आणि दुकानाच्या काचेवर मोठ्ठा कागद लागला. मुलाने फोटो बघून सांगितलं, म्हातारा दुकान बंद करतोय, सगळाच माल काढतोय. त्या आठवड्यात सर्वांत खालच्या फळीच्या कोपऱ्यात, रिकाम्या खोक्यामागे, मला ती बाटली दिसली. दुधी कागदाचं लेबल, वर निळी रेघ आणि हाताने लिहिल्यासारखा आकडा. मुलाने तिचा फोटो कितीदा दाखवला होता. तीन वर्षं शोधतोय म्हणाला होता. मी फोन हातात घेतला आणि परत पिशवीत टाकला. चार दिवसांनी त्याचा वाढदिवस होता. म्हाताऱ्याने बाटली बघून भुवया वर केल्या, लाल चिठ्ठी थोपटली आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिली.

वाढदिवसाच्या दुपारी मी ती काढली. लाल चिठ्ठी नेमकी लेबलावरच होती. भेटीच्या वस्तूवर किंमत ठेवून आपल्यात कोणी देतं का? साडीवरची चिठ्ठीसुद्धा आपण ओटी भरायच्या आधी काढतो. शिवाय बाटलीवर किती दिवसांची धूळ. मी बादलीत कढत पाणी घेतलं, साबणाचा फेस केला आणि बाटली त्यात ठेवून शिऱ्याचा रवा भाजायला घेतला.

परत आले तर लाल चिठ्ठी लेबलाला तशीच चिकटलेली होती, आणि तिच्यासकट दुधी लेबलच सुटून पाण्यावर तरंगत होतं. उचलायला गेले तर हातात चिखल आला. जेवढं निघालं तेवढं फडक्यावर वाळवलं, भाताची खळ करून चिकटवलं. ते आणखीच सुरकुतलं. शेवटी सगळं खरवडून काढलं. बाटली लखलखीत झाली, गोडंतेल भरून ठेवावं अशी.

तो आला. मी शिरा दिला आणि बाटली पुढे ठेवली.

"हे काय?"

"तुझी ती. निळ्या रेघेची."

"लेबल?"

"किंमत काढायची होती."

त्याने बाटली उलटीसुलटी केली. बुडाशी काचेत उमटलेले आकडे वाचले आणि खाली बसला. मी ओट्याशी उभी राहून पदराचं टोक पिळत होते. चिडला असता तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, "आता ही कपाटात ठेवून उपयोग नाही. कोणाला पटणार?" आणि त्याने झाकण फिरवलं.

त्याच्या घरात मी पहिल्यांदाच बाटली उघडताना पाहिली. त्याने बोटभर ओतली. "वास घे. वासाने शील मोडत नाही." मी घेतला. काकवी करपल्यासारखा, त्यामागे ओल्या लाकडाचा.

तो स्वयंपाकघरातच बसून राहिला. बाहेर अजून ऊन होतं. शिरा खाता खाता तो सांगू लागला. दुपारी जेवायला आठ जण एका टेबलावर बसतात. इथल्या गावठी जर्मनमध्ये भराभर बोलतात. सहा वर्षं झाली तरी त्याला त्यांचे विनोद कळत नाहीत. सगळे हसले की तोही हसतो.

"तुझा फोटो आला ना, की मी फोन घेऊन उठतो," तो म्हणाला. "त्यांना वाटतं, याला घरून बोलावणं आहे. बरं वाटतं गं."

मी त्याला आणखी शिरा वाढला.

त्यानंतर दर शनिवारी, सून बाजारात गेली की तो स्वयंपाकघरात बसायचा, बोटभर घ्यायचा आणि बोलायचा. बाटली ओट्यावरच असायची. भांडी घासताना तिच्यातली पातळी किती उतरली ते माझ्याकडून बघितलं जायचं. पाचवं शील म्हणणारी मी मनात म्हणायची, बाळा, जरा कमी ओत, पुरायला हवी. श्रावण संपता संपता ती रिकामी झाली. कपाटातली दुसरी त्याने काढली नाही, त्या ठेवायच्या असतात. शनिवारी तो पुन्हा लॅपटॉपपाशी बसू लागला. मी बाटली उकळत्या पाण्याने धुऊन त्यात तेल भरलं.

म्हाताऱ्याच्या दुकानात आता चष्मे मिळतात. मी दोन थांबे पुढच्या मोठ्या दुकानात जाते. तिथं कोणी माझ्याकडे बघत नाही. जुना माल क्वचितच निघतो. तरी बरोबर बारा वाजता मी लाल चिठ्ठीची कुठलीही बाटली हातात घेते, फोटो काढते आणि पाठवते.

फोन येतो. मागे ताटांचा, काट्याचमच्यांचा आवाज असतो. मग दार लागल्याचा, आणि शांतता.

"आई, ही आहे आपल्याकडे. दोन आहेत."

मला ते माहीत असतं. रोज सकाळी कपाटाची काच मीच पुसते.

"बरं," मी म्हणते. "मग तिच्या शेजारची सांगू का?"

"सांग," तो म्हणतो, आणि मी पुढच्या फळीपाशी जाते.