परत केलेले टोले

मी काही वर्षं गोल्फ खेळलो असं सांगितलं की आमचे पाव्हणे आधी हसतात आणि मग विचारतात, कोल्हापुरात कुठं? होतं. गावाबाहेरच्या माळावर नऊ होलांचं एक मैदान होतं. गवत फक्त पावसाळ्यात, आणि तेही आमच्या आधी म्हशींना सापडायचं. चित्रात जिथं होलाभोवती हिरवळ दिसते तिथं आमच्याकडं जळकं ऑइल घालून दाबलेली वाळू असायची. तिला ब्राउन म्हणायचे. ते ऑइल शिरोलीतल्या ज्या फाउंड्रीत मी इंजिनिअर होतो तिथून डब्यांतून जायचं, आणि ते वेळेवर पाठवायचं काम कधीतरी माझ्याच गळ्यात पडलं होतं.

फाउंड्रीचे मालक आणि मी एकाच गावचे, कोडोलीचे. एवढी एक गोष्ट सोडली तर आमच्यात काही सारखं नव्हतं. त्यांच्या घरची शेती, आणि त्या शेतात माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पडेल ते काम करायचे. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि आबांनी त्या दीक्षेचा अर्थ एवढाच काढला की पोरगा शिकला पाहिजे. मी राखीव जागेवर इंजिनिअरिंगला गेलो आणि चांगल्या मार्कांनी बाहेर पडलो. मालक बारावीनंतर शिकले नाहीत. त्यांना तशी गरजही नव्हती.

नव्वदच्या दशकात परदेशी गिऱ्हाइकं यायला लागली. त्यातल्या एकाला गोल्फचा नाद, म्हणून मालक गोल्फ शिकले. मग एका रविवारी चौथा माणूस कमी पडला आणि त्यांनी मला गाडीत घातलं. सहा महिन्यांत मी वेडा झालो. चेंडू नीट बसला की हाताला जे जाणवतं ते मला दुसऱ्या कशातच मिळालं नव्हतं, हे खरं सांगतो.

पण त्याहून जास्त वेड लावलं ते हँडिकॅपनं. मैदानाचा कारभार एक निवृत्त कर्नल बघायचे. त्यांनी मला समजावून दिलं. नऊ होल दोनदा खेळायचे, आणि चांगल्या खेळाडूनं ते बहात्तर टोल्यांत संपवावेत अशी अपेक्षा. तुम्हाला नेहमी अठ्ठ्याण्णव लागत असतील, तर वरचे सव्वीस हा तुमचा हँडिकॅप. स्पर्धेत तेवढे टोले तुमच्या बेरजेतून वजा होतात. माझा सव्वीस ठरला. मालकांचा अठरा होता. म्हणजे त्यांच्यापेक्षा आठ टोले जास्त मारूनही मी त्यांच्या बरोबरीत.

सगळे एकाच जागेवरून निघत नाहीत, ही गोष्ट कुणीतरी सरळ नियमात घालून ठेवली होती आणि तिची कुणाला लाज नव्हती. डॉक्टर, वकील, कारखानदार आपापला हँडिकॅप रक्तगट सांगावा तसा सांगायचे. वार्षिक स्पर्धेच्या सकाळी तर पहिल्या टोल्याआधी प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं पुकारायची पद्धत होती. माझा सव्वीस पुकारला जायचा तेव्हा मला उलट बरं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी ती स्पर्धा मी जिंकली. मालक दुसरे आले. नंतर चहाला सगळे जमले होते, चषक माझ्या मांडीवर होता, आणि मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कॉलेजात ह्यास्नी सोडलं, नोकरीत सोडलं, आता हितंबी टोले सोडल्यात. मग जिकणार न्हाय तर काय करणार."

नोकरी त्यांच्याच फाउंड्रीतली. तिथं कसलं आलंय आरक्षण? आणि बोलणारा माणूस स्वतः अठरा टोले वजा करून घेत होता. पण सगळे खो खो हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

पुढच्या रविवारी मी कर्नलना गाठलं आणि माझा हँडिकॅप मालकांच्या एवढा करा म्हणून सांगितलं. ते वैतागले. "ही काय मेहेरबानी आहे का? तुमच्या खेळाचं माप आहे हे. मी ते खोटं का लिहू?" मी हट्टाला पेटलो होतो. वाढवून मागणाऱ्याला तिथं पुरावा द्यावा लागायचा. कमी करून मागणाऱ्याला अडवायचा नियमच नव्हता, कारण असा शहाणा आजवर आलेला नव्हता. कर्नलनी नाराजीनं अठरा लिहिलं.

आता मला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, मालकांना उघड्या टोल्यांवर हरवायचं, वजाबाकी न करता. मी रविवारी उजाडायच्या आत माळावर जायचो. जेवणाच्या सुट्टीत फाउंड्रीच्या मागं पोतं टांगून त्यावर टोले मारायचो. बायको म्हणायची, हे खेळणं आहे की शिक्षा? खेळ सुधारत होता, पण मुंगीच्या पावलानं, आणि दर स्पर्धेत माझं नाव तळाला. ज्यांना मी पूर्वी हरवलं होतं ते आता मला धीर द्यायचे.

तेवढ्यात मालकांना दुसरीच विद्या साधली. हँडिकॅप ठरतो तो नेहमीच्या रविवारच्या खेळावरून. त्या रविवारी मालक ब्राउनवर हातभर अंतरावरून चेंडू चुकवायचे, कपाळाला हात लावायचे आणि पुढं चालायला लागायचे. सगळ्यांना दिसत होतं. बोललं कुणी नाही. उलट माणूस भारी हुशार म्हणून कौतुकच व्हायचं. त्यांचा आकडा वाढला, आणि ह्यांना सोडलंय असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही. मला त्या मापाची एवढी भक्ती होती, आणि माप नुसतं पडून होतं, ज्यानं त्यानं सोयीप्रमाणे वापरावं म्हणून.

दोन हजार सालानंतरची एक स्पर्धा. कर्नल पुण्याला मुलाकडं राहायला गेले होते आणि हँडिकॅप ठरवणाऱ्या कमिटीत आता मालक स्वतःच होते. सकाळी आकडे पुकारले. मालक, वीस. मी, अठरा. कुणी मान वर करून बघितलं नाही. ज्यांच्या शेतात आबा राबले त्यांना त्या दिवशी मी दोन टोले सोडत होतो.

आम्ही एकाच गटात होतो. त्या दिवशी माझा हात असा चालला की मला स्वतःला विश्वास बसेना. शेवटच्या ब्राउनवर चेंडू आत पडला आणि मी बेरीज केली. मला चौऱ्याण्णव लागले होते, मालकांना पंच्याण्णव. उघड्या टोल्यांवर मी त्यांना हरवलं होतं.

मग वजाबाकी झाली. त्यांचे पंचाहत्तर, माझे शहात्तर. बक्षीस होतं ते वजाबाकीनंतरच्या आकड्याला. उघड्या टोल्यांची तिथं कुणी दखलही घेत नसे. चषक मालकांना मिळाला. तो काखेत धरून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडं बघून म्हणाले, "बघा. सोडलेलं काढून घेतलं की काय हुतंय, कळलं न्हवं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांगावंसं वाटलं की मालक, एक टोला तुम्हीच जास्त मारलाय. पण सोमवारी मला त्यांच्याच भट्टीवर उभं राहायचं होतं. मीही टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तर आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. ते आता आमच्याकडंच असायचे. त्यांनी विचारलं, कोण जितलं? मी म्हणालो, मालक.

"टोलं कुणाचं कमी?"

"माझे. एकानं."

"मग हरलास कसा?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हँडिकॅप म्हणजे काय, माझा किती होता, चहाच्या वेळी मालक काय म्हणाले आणि मी तो कसा कमी करून घेतला. आबा रस्त्याकडं बघत राहिले. मला वाटलं त्यांना समजलं नसावं.

मग ते म्हणाले, "ते परत दे म्हणून तुला कुणी सांगितलं हुतं?"

कुणी नाही, मी म्हणालो.