पिळाच्या कड्याचा वळ

मी वाशीमच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी वर्गात लिंबात टाचण्या खोचून दाखवते आणि सांगते, बघा, काही होत नाही, काढा टाचण्या आणि सरबत करून प्या. असल्या गूढ अनुभवांच्या सदरातले किस्से मी आजवर मधल्या सुट्टीत डबा खाताना हसत हसत वाचत आले. आज स्वतःच लिहायला बसलेय... खुशाल हसा. तुमच्या जागी मीही हसलेच असते.

गोष्ट यंदाच्या जानेवारीतली. केनवडजवळच्या आमच्या मळ्यातलं घर, सकाळचे नऊ, लख्ख ऊन. घरात पाचजण – मी, माझा धाकटा भाऊ सुधीर, त्याची बायको इश्चेल, त्यांची तीन महिन्यांची पोर आणि शेजारच्या गोदाकाकू.

पण आधी आईबद्दल सांगायला हवं. आमची आई मळ्यातली वांगी, मेथी, भोपळे घेऊन केनवडच्या बाजाराला जायची. डोक्यावर टोपली आणि डाव्या कडेवर आमच्यापैकी एकजण, आधी मी, मग सुधीर. तिच्या डाव्या मनगटात चांदीचं पिळाचं कडं होतं. विहिरीच्या लोखंडी चाकावर आपटून त्याचे दोन पीळ चेपले होते. बाजार येईतो ते कडं आमच्या डाव्या मांडीत असं रुतायचं की खाली उतरवल्यावर वळ दिसायचा. पीळ, पीळ, मधे सपाट जागा, पुन्हा पीळ. आम्ही तो बोटाने चाचपत बसायचो. सुधीर बोलायला लागल्यावर "आज माह्या पायावर जास्त उमटलं" म्हणून मला चिडवायचा, कारण तोवर मला चालत जावं लागायचं. किती हेवा वाटायचा मला!

सुधीर पुढे कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोला गेला आणि तिथेच त्याने लग्न केलं. आईला कळलं ते लग्नानंतर, फोनवर. त्या दिवसापासून चार वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. मी फोन पुढे केला की ही मेथी निवडत बसायची. एकदाच तोंड उघडलं – "त्याले सांग, त्याचं लेकरू मी कडेवर घेणार नाई." मी तसं त्याला सांगितलं. आणि आमची आई बोलली की बोलली.

गेल्या वर्षी ती अचानक गेली. इश्चेलला तेव्हा सहावा महिना होता, तब्येत नाजूक, सुधीर येऊ शकला नाही. यंदा पोरीला घेऊन आला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "ताई, शेवटी आई काई बोलली का माह्याबद्दल?"

नव्हती बोलली. खोटं अगदी जिभेवर आलं होतं, पण मी पोरीच्या दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मग तो रोज या ना त्या निमित्ताने तेच विचारायचा आणि मी रोज विषय बदलायचे. आतून तुटायचं मला.

आईचं कडं माझ्याकडे आलं होतं. पोर झाल्याचं कळल्यावर मी ते वाशीमच्या सोनाराकडे नेलं, डोळ्यांदेखत आटवून घेतलं आणि पोरीसाठी गुळगुळीत वाळे करवले. आईने जवळ घेतलं नाही तर नाही, तिची चांदी तरी लेकराच्या अंगाला लागू दे, म्हटलं. हे ध्यानात ठेवा... ते कडं आता या जगात नाही.

आता इश्चेल. तिला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ते पिरॅमिड बांधणारे माया लोक नाहीसे कसे झाले गं? सुधीरने तिला मराठी शिकवलीय ती अस्सल आपल्याकडची. म्हणाली, "ताई, मी माया हाव. आमी कुठीच गेलो नाई. माही आजी बाजारात टमाटेबी माया भाषेतच भाव करून घेते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती मळ्यात फिरायला निघाली आणि धुऱ्याजवळ, शेताच्या बांधापाशी थबकली. तिथे आईच्या पद्धतीनेच लावलेला मका, त्यावर चढलेला वाल आणि खाली भोपळ्याचे वेल होते. तिच्या आजोबांचं शेत अगदी असंच, हजारो वर्षांची रीत आहे म्हणाली. मका, भोपळा, मिरची, टमाटे सगळं त्याच मुलखातून जगभर गेलेलं, हे मी वर्गात शिकवते. पण आई ज्या ठेच्याची एवढी मिजास करायची, तो सुनेच्या माहेरचा निघाला हे मला तिथे धुऱ्यावर उमगलं. आईला हे सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

पोरीला तीन महिने पूर्ण झाले तशी इश्चेलने एक रीत करायची म्हटली. 'हेट्समेक' म्हणतात, तिच्या गावात आजही घरोघरी होते. मूल पहिल्यांदा कडेवर घ्यायची रीत. मुलीची तीन महिने झाल्यावर, कारण चुलीचे दगड तीन. मुलाची चार झाल्यावर, कारण शेताचे कोपरे चार. घेणारी बाई आईबापांनी निवडायची. तिने मला निवडलं. "नाव आत्याच ठेवते न? मंग कडेवरबी आत्याच."

गोदाकाकू भडकल्या. "तीन महिन्याची पोर कडेवर? मान त धरली नाई तिनं! काहून लेकराच्या जिवावर उठल्या वो?" चुलीच्या दगडांचं ऐकल्यावर मात्र जरा नरमल्या. "तीन दगड त आपल्याबी चुलीले असते," असं पुटपुटत त्यांनी स्वतःच टेबल पुसून दिलं.

टेबलावर वही, पेन्सिल, सुई, आईचं खुरपं आणि वाटीत भोपळ्याच्या नऊ बिया. टेबलाभोवती नऊ फेऱ्या घालायच्या, दर फेरीला घेणाऱ्या बाईने एक बी तोंडात टाकायची आणि मधूनमधून एकेक वस्तू पोरीच्या हाताला लावून तिचा उपयोग सांगायचा. माझा डावा खांदा आखडलेला असतो म्हणून मी तिला उजव्या कडेवर घेतलं, मान हाताने सावरून. बांगड्या मी घालत नाही, घड्याळ काढून ठेवलेलं. सुधीर मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

पहिल्या पाच फेऱ्या पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. सहाव्या फेरीला मी खुरप्याचा दांडा तिच्या मुठीला लावला. "हे तुझ्या आजीचं..." एवढंच बोलले. आणि पोर गप्प झाली. त्याच क्षणी... कसं सांगू... तिचं वजन कमी झालं. भरलेली टोपली उचलताना कुणी दुसरी बाजू धरावी ना, तसं. मी घाबरून खाली पाहिलं. पोर होती जागेवर, टकमक बघत. उरलेल्या फेऱ्या मी तशाच पुऱ्या केल्या, बिया मोजत.

मग इश्चेलने लंगोट बदलायला तिला सतरंजीवर ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे काय लागलं हिले?"

डाव्या मांडीवर लालसर वळ होता. पीळ, पीळ, मधे सपाट जागा, पुन्हा पीळ.

वाळे गुळगुळीत, तेही घोट्यात. दुपटं मऊ सुती. माझे हात रिकामे, आणि मी उजव्या कडेवर घेतलेली, म्हणजे माझ्या हाताचा दाब आला असता तर उजव्या मांडीवर. व्हिडिओ नंतर कितीदा पाहिला, त्यात मी एकटीच फिरतेय. दहा-पंधरा मिनिटांत वळ मावळला आणि फोटो काढायचं आम्हा शहाण्यांपैकी कुणालाच सुचलं नाही. मी आशेने इश्चेलला विचारलं, तुमच्या रीतीत असं काही होतं का गं? तर ती म्हणते, "नाई ताई. आमच्यात निस्तं कडेवर घेते."

सुधीर सतरंजीवर बसून तो वळ बोटाने चाचपत होता, लहानपणी चाचपायचा तसाच. दुसरा हात त्याच्या स्वतःच्या डाव्या मांडीवर गेला होता, त्याला कळलंही नसेल. "घेतलं, ताई," तो म्हणाला. "घेतलं आईनं." आणि आई गेल्यापासून न रडलेला माझा भाऊ त्या पोरीशेजारी आडवा होऊन रडला. गोदाकाकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. शोधून थकले. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी वाचेन, यावेळी न हसता. सुधीर नंतर आणखी पंधरा दिवस होता. शेवटी आई काय बोलली, हे त्याने मला पुन्हा एकदाही विचारलं नाही.