युलॉजीची दोन मिनिटं

रविवार, सकाळी दहा, नंदनवन भागातल्या आमच्या कॉलनीचं समाजमंदिर. हजर: वारलेल्या काकांच्या पत्नी, मुलगा, अठ्ठावीस शेजारी आणि कॉलनीचं पाणी सोडणारा आमचा नळवाला. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी खांद्यावर. ती तो शोकसभेतही खाली ठेवत नाही.

मुलाला दोन मिनिटांची ‘युलॉजी’ हवी होती. काका साऱ्या गल्लीशी भांडलेले. सभेचं सूत्रसंचालन माझ्याकडे, आणि माझ्या यादीतल्या तिन्ही वक्त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. काकू मान खाली घालून बसल्या होत्या.

“युलॉजी म्हंजे काय वं ताई?” नळवाल्याने मला विचारलं.

“गेलेल्या माणसाबद्दल सगळ्यांसमोर चांगलं बोलायचं.”

“खोटं चालते?”

“अजिबात नाही.”

“मंग मीच बोलतो!”

तो उभा राहिला. “काका मले रोज पहाटे पाचले फोन करून शिव्या देत. म्हणून तुमच्या साऱ्यायच्या नळाले टायमावर पाणी आलं. तुमच्यातलं कोणी उठे का गा?”

काकू रडता रडता हसल्या, आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. शोकसभेत!

उद्यापासून पाचचा फोन कोण करणार, ते नाव यादीत अजून लिहायचं आहे.