म्हणे कवड्याच होता

आमच्या यांना मण्यार चावली होती, हे गावात फक्त मला पटलेलं आहे. ज्यांना चावली त्यांनासुद्धा नाही.

हे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासे धरतात. जाळ्यात पाणसाप अडकतोच. तो न बघता हाताने सोडवायचा आणि फेकून द्यायचा, ही इथल्या घराघरातली सवय. जाळ्यातला साप म्हणजे पाण्यातला साप, असं समजतात. अहो, पण जाळं पाण्यात असेल तेव्हा ना! त्या सकाळी ते आमच्या छपरीत कितीतरी दिवसांचं कोरडं पडलं होतं. सवयीने यांचा हात गेला आणि बोटाला चावा बसला. भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या थोरल्या भावाने, काठीने साप मारला.

काळा साप, अंगावर पांढरे पट्टे. झालं, छपरीत पंचायत बसली. कोणी म्हणे मण्यार, कोणी म्हणे कवड्या, त्याला विषच नसते. भासऱ्यांनी फोटो काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकला. तिथेही जितकी तोंडं तितकी नावं. मी गाडी काढा म्हणते, तर सासूबाई कडुनिंबाचा पाला घेऊन आल्या. विष चढलं असेल तर पाला गोड लागते म्हणे.

यांनी पाला चावला, तोंड वाकडं केलं. "कडू हाय."

सगळे हसले. मला चहा मांडायला सांगितला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सूज नाही, दुखून नाही राहिलं, कायले घाबरतेस वो?" हे म्हणाले.

माझं माहेर करडी गावचं. तिथे कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यातून मण्यार निघायची, त्यामुळे लहानपणीच ओळख शिकवलेली. कवड्याचे पट्टे मानेशी ठसठशीत आणि शेपटीकडे पुसट होत जातात. या सापाची मान कोरी होती आणि शेपटीकडे पट्टेच पट्टे. मी ते दाखवलं. भासरे म्हणाले, "आता बाया सांगतीन का आमाले साप?"

थोड्या वेळाने यांची जीभ जड झाली. पापण्या मिटायला लागल्या. झोप येते म्हणाले. तेव्हा कुठे शहाण्यांची गाडी निघाली. भासरे पुढे, हे मधे, आणि मागून मी यांना घट्ट धरून. दवाखान्यात सापाचं नाव विचारण्यात कोणी वेळ घालवला नाही. डॉक्टरांनी पापण्या बघितल्या आणि इंजेक्शन सुरू केलं. पुढे श्वास चालेना म्हणून मशीन लावली. मी बाहेर बसून देवाचं नाव घेतलं नाही, भासऱ्यांना शिव्या घातल्या.

हे वाचले. घरी आले, तर ऐकायला काय मिळालं? "मण्यार असती तर वाचला असता काय? कवड्याच होता, भेवानं तसं झालं." माणूस जगला म्हणून साप बिनविषारी. मग ती मशीन काय हौसेने लावली होती? पण पालथ्या घड्यावर पाणी. हेसुद्धा मान डोलावतात.

परवा शेजारची सून रडत आली, बांधावर गवत कापताना साप चावला म्हणून. आमचे हेच पुढे झाले. "मलेबी चावला होता, काही नाही होत. पयले हा पाला चाव."

मी तो पाला तिच्या हातातून हिसकला आणि यांच्या तोंडावर फेकला. चारचौघांत नवऱ्याचा अपमान केला म्हणून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. ती पोरगी वेळेवर दवाखान्यात पोचली.