फीमाफीची पाहुणी

"अवं, फीमाफी मागून राहिलो आपण, का पोरीची सोयरीक करून राहिलो?" बाबा असे ओरडले की सौंदड स्टेशनवर लोक गाडी आली समजून पिशव्या घेऊन उभे राहिले.

अर्ज खरा की खोटा ते पाहायला मिशनच्या शाळेच्या सिस्टर दारात पोचल्या होत्या. माफी नाही, तर माझी शाळा बंद. आणि आईने अर्ध्या गावाच्या खुर्च्या, काचेचे कप, वर टेबलफॅन मागून आणून मांडला होता.

"पाहुणीले जमिनीवर बसवू काय?" आई म्हणाली.

सिस्टर चहा पीत पंख्याकडेच पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी भीत भीत माफीचे विचारले. सिस्टर म्हणाल्या, "माफी मंजूर आहे. पंखा परत कर. तुमच्या घरी वीज नाही."